खुराड्याचं माप जुलै महिन्यात घ्या



आजचा मेसेज लांब आहे. रात्री जेवणं आटोपल्यावर सवडीने वाचा, आणि घरात कोंबड्यांचं जी बघते तिला वाचून दाखवा. हे माझं मत आहे, कंपनीचा ठराव नव्हे. ठराव अजून व्हायचा आहे, म्हणूनच आधी लिहितोय.

गेल्या महिन्यापासून बऱ्याच जणांनी एकच फोटो पाठवलाय. लोखंडी अँगलचं तयार खुराडं, वर हिरवा पत्रा, चार फूट बाय तीन फूट, खाली लिहिलेलं "२० पक्ष्यांसाठी". कंपनीने एकदम मागवलं तर स्वस्तात पडेल, असं सगळ्यांचं म्हणणं. स्वस्तात पडेल हे खरं. पण मी म्हणतो, मागवू नये. निदान ह्या मापाचं आणि ह्या आकड्याला तर नकोच.

हिशोब साधा आहे. चार त्रिक बारा चौरस फूट. त्यात वीस कोंबड्या म्हणजे एकीच्या वाट्याला झेरॉक्सच्या एका कागदापेक्षाही थोडी कमी जागा. तेवढ्यातच पाण्याचं भांडं, अंडी घालायची जागा आणि खाली पडलेली शीट. विकणारा म्हणतो, "रात्रीपुरतंच तर आहे." जानेवारीत कदाचित चालूनही जाईल. जुलैत काय?

परसातल्या कोंबडीपालनाची माहितीपत्रकं तुम्ही पाहिली असतील. त्यात रात्रीच्या निवाऱ्याला एका मोठ्या कोंबडीमागे साधारण एक चौरस फूट सांगतात. हा आकडा चुकीचा नाही. पण त्यात एक गोष्ट धरून चाललेली असते, की कोंबडी सकाळी बाहेर पडणार, दिवसभर चरणार आणि तिन्हीसांजेला आत येणार. कोंबडी दिवसरात्र आतच राहणार असेल तर तुसाच्या गादीवर तिला दोन ते अडीच चौरस फूट लागतात. हेही त्याच पत्रकांत असतं, पण दुसऱ्या पानावर. आपण वाचतो पहिलं पान.

आता आपल्याकडचं बघा. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आषाढात असे आठवडे येतात की कोंबडी दारातून मान बाहेर काढते, परसातलं पाणी बघते आणि परत आत जाते. म्हणजे देशावरच्या माणसाला पहिला आकडा वर्षभर पुरतो. आपल्याला तो आठ महिने पुरतो, आणि नेमके ज्या चार महिन्यांत कोंबड्या मरतात त्या चार महिन्यांत पुरत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पहिलं खुराडं मी स्वतः चार बाय तीनचंच बांधलं होतं, बारा कोंबड्यांसाठी, एक चौरस फूट बरोबर मोजून. शिमग्याच्या आधी बांधलं, मे महिन्यापर्यंत सगळं छान. आईने तेव्हाच विचारलेलं, "खुराडा पावसात बघूक होया, उन्हात काय बघतस?" मी हसलो. जुलैत सलग सहा दिवस लागून राहिला. खालचं तूस भिजलं, मग त्याची ढेपळं झाली, मग आत तोंड घातलं की डोळ्यांत पाणी यायला लागलं. त्या वासाला अमोनिया म्हणतात. आपल्याला झोंबतो तसा तो कोंबडीलाही झोंबतो, आणि तिचं नाक तर जमिनीपासून वीतभरच वर असतं. एका तलंगेच्या शेपटीकडची पिसं बाकीच्यांनी टोचून टोचून रक्त काढलं. आठव्या दिवशी रक्ताची हगवण दिसली. बारातल्या पाच गेल्या. पशुवैद्यकांनी सांगितलं, हा कॉक्सिडिओसिस, ओल्या गादीत वाढतो, औषध देतो पण गादी कोरडी करा. कोरडी कुठून करणार? चार बाय तीनमध्ये सात कोंबड्यांना बाजूला सारायलाही जागा नव्हती.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं. आपल्या भागात खुराड्याचं माप पावसाळ्यावरून काढायचं.

म्हणून फक्त खोली मोठी करा असं मी म्हणत नाही. इथे बरेच जण उलट्या बाजूला चुकतात. दहा कोंबड्यांसाठी दहा बाय दहाची शेड घालतात, कारण चिरे घरचे होते. मग तेवढं तूस कोण घालणार आणि झाडणार कोण? एका कोपऱ्यात कोंबड्या, उरलेल्या जागेत मोडकी खुर्ची, नारळाची सोडणं आणि त्यांच्यात उंदीर. उंदरांमागून जनावर येतं. आपल्याकडे "जनावर" म्हणजे काय ते सांगायला नको.

माझं म्हणणं असं की रात्रीची खोली बेताची ठेवा आणि तिला लागून छपराची पडवी काढा. दहा कोंबड्या आणि एक कोंबडा धरू. रात्रीची खोली सहा बाय चार, म्हणजे चोवीस चौरस फूट, प्रत्येकाला दोनाहून थोडे जास्त. तिला लागून सहा बाय सहाची पडवी, वर छप्पर, बाजूंना जाळी, खाली वाळू किंवा जांभ्याची चुरी. पावसात कोंबड्या दिवसा पडवीत येतात, उकरतात, धूळ अंगावर घेतात. तेवढ्या वेळात आतली गादी खालीवर करून तिला वारा लागतो. दोन्ही मिळून साठ चौरस फूट, म्हणजे पक्ष्यामागे साडेपाचच्या आसपास. खर्च मात्र साठ फुटांच्या बंद शेडचा येत नाही, कारण पडवीला भिंत नाही.

ज्यांच्याकडे घराच्या मागच्या बाजूला मांगर किंवा गोठ्याची वळचण आहे त्यांनी पडवी तिथेच टेकवावी. अर्धं छप्पर फुकट मिळतं. फक्त वरच्या कौलांच्या पागोळ्या पडवीत पडणार नाहीत एवढं बघा.

दुसरी गोष्ट आकाराची, आणि हिच्याबद्दल पत्रकांत सहसा नसतं. चोवीस चौरस फूट म्हणजे सहा बाय चारही होतात आणि पाच बाय पाचाच्या जवळही जातं. पण हात किती पोचतो? उभं राहून आत शिरता येत नाही अशा खुराड्याची खोली तुमच्या हाताच्या पल्ल्याएवढीच हवी. एका बाजूने दार असेल तर अडीच फूट. दोन्ही बाजूंनी उघडत असेल तर चार-साडेचार फूट. त्याहून जास्त केलं की मधल्या पट्ट्यात हात पोचत नाही, आणि जिथे हात पोचत नाही तिथे कोंबडी हटकून अंडं घालते. मग घरातल्या बाईने कमरेत वाकून, पदर खोचून, काठीने अंडं ओढत बसायचं. शेजारच्या काकूंना मी हे रोज करताना बघितलंय. त्यांनी शेवटी त्या खुराड्यात सरपण भरलं आणि कोंबड्या पुन्हा डालग्याखाली गेल्या.

तुमच्या घरात खुराडं कोण झाडतं? नव्वद टक्के घरांत ते माप घेताना त्या बाईला विचारलेलंच नसतं. माप घ्यायच्या दिवशी तिला समोर उभी करा, हात आत घालायला सांगा, पोचतो तिथे खूण करा आणि मग सुताराला बोलवा. आणि अंड्यांचे पैसे तिच्या हातात राहत असतील तर तिचं मत दोनदा विचारा.

आता बसायच्या दांड्यांचं. कोंबडी रात्री जमिनीवर झोपत नाही, उंचावर बसते, आणि रात्रीची खरी जागा ती ह्या दांडीवरच मोजते. एकीला आठ इंच धरा. अकरा पक्ष्यांना अठ्ठ्याऐंशी इंच, म्हणजे सात फुटांहून चार इंच जास्त. सहा फुटांच्या खोलीत एक दांडी पुरत नाही, दोन लागतात. दोन्ही एकाच उंचीवर ठेवा, मध्ये सव्वा फूट अंतर. एक वर एक खाली ठेवली तर रोज संध्याकाळी वरच्या जागेवरून भांडणं होतात आणि खालच्यांच्या अंगावर घाण पडते. दांडी दीड-दोन इंच जाड, कडा घासलेली. गावठीला दोन फूट उंची चालते. पण हैदराबादच्या संचालनालयातली वनराजा किंवा तशा जड जाती घेतल्या असतील तर दीड फुटापेक्षा वर नको, उतरताना पाय दुखावतात. ह्या जड जातींना जागाही दीडपट धरा. दहा वनराजा म्हणजे मापाच्या हिशोबाने पंधरा गावठी.

अंडी घालायला पाच कोंबड्यांमागे एक खोका, फूटभर लांब-रुंद-उंच. दहांना दोन पुरतात, पण तिसरा ठेवाच. कारण गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घातली की खुडूक होते आणि खोका अडवून बसते. रवणीला बसलेल्या कोंबडीला वेगळी टोपली, वेगळा कोपरा. तो कोपरा मापात धरला नाही की सगळी गणितं तिथेच बिघडतात.

कारण मुद्दा असा की आज मोजलेल्या दहा कोंबड्या दहा राहत नाहीत. दोन कोंबड्या मार्गशीर्षात रवणीला बसल्या, प्रत्येकीने आठ-नऊ पिल्लं काढली, घार, मुंगूस आणि आपली मांजर ह्यांच्यातून दहा-बारा जरी वाचली तरी फाल्गुनात तुमच्याकडे बावीस डोकी असतात. पिल्लांना आठ आठवड्यांपर्यंत अर्धा चौरस फूट पुरतो, पुढे मोठ्यांएवढंच. मग माप बावीसचं घ्यायचं का?

नाही. आणि इथे आपल्या जुन्या माणसांची रीत मला पुस्तकापेक्षा बरी वाटते. मार्गशीर्ष-पौषातली नरं पाच-सहा महिन्यांनी जूनमध्ये तयार होतात, आणि ७-८ जूनला मिरग लागतो. त्या दिवशी आपल्याकडे कोंबा कापल्याशिवाय पावसाचं स्वागत होत नाही. पाठोपाठ राखणी आणि आषाढातली गटारी. गावठी नराला वर्षातला चांगला भाव ह्याच दिवसांत मिळतो. म्हणजे ज्या आठवड्यात पाऊस कोंबड्यांना आत कोंडतो, त्याच आठवड्यात खुराडं अर्धं रिकामं होतं. कोणी ठरवून केलं की आपोआप झालं माहीत नाही, पण हिशोब चोख आहे. तेव्हा खुराड्याचं माप मिरगानंतर जेवढ्या कोंबड्या राहतात तेवढ्यांचं घ्या. वाढीव पिल्लं उन्हाळ्यात पडवीत आणि डालग्याखाली भागतात, कारण तेव्हा दिवसभर अंगण मोकळं असतं.

ह्याची दुसरी बाजूही पाळायला हवी. जून ते सप्टेंबर खुडूक कोंबडी बसवू नका. श्रावणात निघालेलं पिल्लू ओलीत जगवणं कठीण, आणि जगलं तरी ते जागा खातं. तिला रवणीवरून उठवा, दोन दिवस जाळीच्या तळाच्या टोपलीखाली ठेवा, पुन्हा अंड्यावर येईल.

एकूण किती पाळाव्या ह्यावरही बोलतो, कारण खुराड्याच्या मापाचं मूळ तिथे आहे. मोठी कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास खाते. दहांना रोज किलोभर. त्यातलं बरंचसं परसातून निघतं: कणी, भाताचा पोल, उरलेला भात, किसणीचं खोबरं, वाळवी, सुक्या माशांची डोकी, तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा चुरा. दहा ते पंधरापर्यंत आपलं परसू सांभाळतं. पन्नासांना रोज पाच किलो लागतं, ते सगळं विकत. तो धंदा झाला, त्याला वेगळी शेड, वेगळं भांडवल, वेगळा माणूस. वाईट नाही, पण ठरवून करा. मला भीती मधल्या आकड्याची वाटते, पंचवीस-तीसची. परसाला झेपत नाही इतक्या जास्त, आणि विकतच्या खाद्याचा खर्च वर काढतील इतक्या पुरेशा नाहीत. बाईच्या मागे काम मात्र दुप्पट. तयार खुराड्यावरचा "२० पक्षी" हा आकडा आपल्याला नेमका तिकडे ढकलतो. घरात वीसची जागा आहे म्हटलं की माणूस वीस आणतोच.

बाकी लसीच्या बाबतीत जास्त कोंबड्यांचा फायदा होतो असं काही जण म्हणतात, कारण मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, कुपी शंभर मात्रांची येते. त्यावर उपाय वाडीतल्या आठ-दहा घरांनी एकाच सकाळी लस करणं हा आहे. त्यासाठी खुराडं मोठं करायची गरज नाही.

किनाऱ्यावरच्यांसाठी थोडं वेगळं. १६ मे २०२१ला तौक्ते आपल्या किनाऱ्यालगत गेलं, तेव्हा घरांची कौलं उडाली, माड आडवे झाले. उंच आणि हलकं खुराडं अशा वाऱ्यात छत्रीसारखं उलटतं. देवबाग, तारकर्ली, तळाशीलकडे खुराडं बुटकं ठेवा, मागची उंची साडेतीन फूट, पुढची साडेचार, आणि चौकट चिऱ्यांना तारेने बांधा. पावसाचा वारा नैऋत्येकडून येतो, तेव्हा दक्षिण आणि पश्चिम बाजू बंद, जाळी उत्तरेला आणि पूर्वेला. छप्पर भिंतीबाहेर दोन फूट तरी काढा, नाहीतर तिरपी सर थेट गादीवर. भिंतीचा वरचा तिसरा हिस्सा जाळीचाच हवा. "थंडी वाजेल" म्हणून तो ताडपत्रीने घट्ट झाकू नका. आपल्याकडे कोंबडी थंडीने नाही, कोंडलेल्या ओलीने मरते. आणि खारा वारा जाळी खातो. बारीक तारेची स्वस्त षटकोनी जाळी दोन पावसाळ्यांत हाताने तुटते. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या, मुंगूस आणि जनावर दोघांनाही तीच अडवते. तयार खुराड्याच्या फोटोत जाळी कुठली आहे ते मोठं करून बघा.

आत कट्टा, पेंडूर, मसुरे भागात जमीन जांभ्याची, तिथे वाऱ्यापेक्षा खालची ओल जास्त. तळ चिऱ्यांवर दीड-दोन फूट उचला. पोफळीच्या पट्ट्यांचा फटीफटीचा तळ केला तर शीट खाली पडते आणि तूस कमी लागतं. फट अर्ध्या-पाऊण इंचाची ठेवा, जास्त ठेवली तर पाय अडकतो. तो खालचा खत माडाच्या आळ्यात थेट ओतू नका, आधी पालापाचोळ्याबरोबर कुजू द्या.

"सुतार महाग, तयार स्वस्त" हा मुद्दा मी टाळत नाही. सुताराची मजुरी धरली तर पहिल्या दिवशी तयार खुराडंच स्वस्त दिसेल. पण जुलैत पाच कोंबड्या गेल्या तर किती गेले तेही त्याच वहीत लिहा. आणि कंपनीला एकत्र खरेदीच करायची असेल तर जाळी, बिजागऱ्या, कड्या आणि छपराचे पत्रे एकत्र घेऊ. माप ज्याच्या त्याच्या परसाप्रमाणे राहील. किर्लोसच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या पशुतज्ज्ञांना एकदा नकाशा दाखवून घेऊ, माझं काही चुकत असेल तर ते सांगतील.

वेळ मात्र थोडा आहे. शिमगा तोंडावर आला. नंतर काजू आणि आंबा, मग सुतारही मिळत नाही आणि आपणही नाही, आणि आंबा संपतो तेव्हा मिरग दारात असतो.

म्हणून येत्या रविवारपर्यंत ह्या नंबरवर चार गोष्टी लिहून पाठवा. मिरगानंतर किती कोंबड्या ठेवणार. त्यातल्या गावठी किती, जड जातीच्या किती. घरालगत मोकळी जागा किती फूट बाय किती फूट. आणि झाडणारीचा हात दारातून आत किती इंच पोचतो, हे टेपाने मोजून. ज्यांना तरीही तयार खुराडंच हवं असेल त्यांनीही तसं कळवा, सभेत त्यांचं म्हणणं आधी ऐकू.